सी हत्ताबांची रिकामी ताटली

सभेचे अध्यक्ष सी बशीर, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते परसबाग मंडळाचे प्रमुख सी हत्ताब, आणि भाषणं संपून पुदिन्याचा चहा कधी येतो याकडे कान लावून बसलेल्या शेजाऱ्यांनो,

मी ठिबकच्या नळ्या विकणारा माणूस. भाषण जमत नाही, माल खपवता येतो. आज सी हत्ताबांचे गुण खपवायचे आहेत.

सी हत्ताब मुलाकडे स्फॅक्सला निघाले. आपल्या गल्लीवर त्यांचे उपकार काय थोडे आहेत? गेल्या साली घरोघरच्या टोमॅटोवर करपा पडला. पानावर तपकिरी डाग, खाली पांढरी बुरशी. गच्चीवर वाळवायला फळ उरलं नाही. कारण कोणी शोधलं? यांनीच. "लल्ला बेयाची नजर! सगळ्यांची रोपं जळाली, हिचीच तेवढी हिरवीगार. आणखी काय पुरावा हवा?"

नजर लागू नये म्हणून दारोदारी माशाच्या शेपट्या टांगल्या गेल्या. लल्ला बेया, आपल्या गल्लीतल्या सर्वांत थोरल्या. त्यांना कुणी उंबऱ्यात उभं करेना. सख्ख्या भाचीच्या लग्नाचं बोलावणंही गेलं नाही.

मी म्हटलं, "सी हत्ताब, तुम्ही संध्याकाळी पानांवरून पाणी मारता. रात्रभर झाड ओलं. करप्याला आणखी काय लागतं?"

"अरे नळीवाल्या, तुला नळ्या खपवायच्यात!"

तेही खरंच होतं म्हणा.

आता, शेजाऱ्याची ताटली रिकामी परत करायची नाही, ही आपली रीत. सी हत्ताबांइतका रीतीचा माणूस दुसरा नाही. कुणाकडून कुसकुस येवो, कुणाकडून मासे. ताटली परतताना तीत त्यांच्या वाफ्यातली चार रोपं असायचीच. डागाळलेली, पण प्रेमाची! करपा आपणहून आला नाही हो, ताटलीत बसून घरोघर पाहुणचार घेत हिंडला. आणि लल्ला बेयांच्या नजरेची कुजबुज तर आधीपासूनचीच, अशा बाईकडे ताटली कोण धाडणार? म्हणून त्यांची बाग वाचली.

हे मी घरी सांगितलं, तर बायको म्हणते, "ते खरं हो, पण नजर असतेच की!"

यंदा आपण रोगट झाडं खतात न टाकता पिशवीत बांधून बाहेर काढली, वाफे बदलले, रोपं लांब लांब लावली, बुडाशीच पाणी दिलं, खालची पानं खुडली, पावसाआधी तांब्याचं निळं औषध फवारलं. टोमॅटो आले. माशाच्या शेपट्या मात्र अजून दारावर आहेत. आणि शेवटच्या रांगेत लल्ला बेयांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या आहेत. मला इथून दिसतंय.

सी हत्ताब, तुमची एक ताटली माझ्याकडे राहिली होती. मंडळाला न विचारता मी ठरवलंय, गल्लीत पहिल्यांदाच ती घासूनपुसून रिकामी परत करायची. ती देण्यासाठी लल्ला बेयांनी पुढं यावं. कडेनं नको आई, मधल्या वाटेनं या.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाला लागलं असेल तर क्षमा असावी. ज्याला लागायला हवं त्याला लागलं नसेल, तर त्याबद्दलही.

माझी क्षमा मागून झाली. सी हत्ताब, हा घ्या माइक.