भिंतीवरचे आजोबा

मोक : सिनेमात मी आहे की नाही, एवढंच सांग ना सरळ!

जोसलिन : आहात, बाबा. पहिल्या दृश्यापासून शेवटपर्यंत आहात.

मोक : कुठे?

जोसलिन : भिंतीवर.

पुई-यी : भिंतीवर? या वयात भिंतीवर चढायला लावणार त्याला? गुडघ्याचं ऑपरेशन होऊन वर्ष नाही झालं. सांगितलंस का तुझ्या त्या स्टुडिओवाल्यांना?

जोसलिन : चढायचं नाहीये गं, आई. फोटो आहे. आता कथेतले तुमचे ते आजोबा सिनेमा सुरू व्हायच्या आधीच वारलेत. घरात पूर्वजांसमोर उदबत्ती लावतात ना, तिथे त्यांचा फोटो.

मोक : वा! बढती झाली म्हणायची. आजवर निदान मरायला तरी बोलवायचे. आता मेल्यानंतर बोलावतायत.

जोसलिन : चेष्टा नका ना करू.

मोक : चेष्टा मी करतोय? चार महिने त्या आजोबांच्या ओळी घोकतोय मी. आईला विचार. आंघोळ करताना म्हणतोय, बाजारात म्हणतोय. त्या मासेवालीला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं.

पुई-यी : तिला ते आधीपासूनच वाटतं.

मोक : तू सूप ढवळ. जोसलिन, नीट ऐक. हाँगकाँग सोडून गोऱ्यांच्या या सिनेमाच्या गावात तेहतीस वर्षं झाली मला. स्वयंपाकी होऊन मेलो, सेनापती होऊन मेलो, अफूवाला होऊन तर दोनदा मेलो. एकदा डॉक्टर केलं, म्हटलं आता तरी जगवतील. दाराआडून आत आलो, आणि ठो! मारणारा हीरो दर वेळी एक विनोद करून निघून जातो. मी पडायचं, त्याने विनोद करायचा. तेहतीस वर्षांत मेल्यांनी मला एक विनोद करू दिला नाही.

पुई-यी : त्या जंगलातल्या सिनेमाचं सांग की.

मोक : हां, त्यात तर मी कुठल्या देशाचा तेच ठरेना. सकाळी व्हिएतनामी होतो, जेवणानंतर जपानी झालो. मी विचारलं, साहेब, बोलू कुठल्या भाषेत? तर म्हणतो, तुमची जी असेल ती, फक्त चिडून बोला. मी आपला चिडून भाजीचे भाव सांगितले. लोकांनी पैसे देऊन पाहिलं ते.

जोसलिन : म्हणूनच तर मी यात शिरले ना, बाबा! हा सिनेमा तसा नाहीये. आपल्या माणसांचा आहे. दिग्दर्शक तर सारखा म्हणतो, या कुटुंबाबद्दल आदर दिसला पाहिजे.

मोक : आदर! आणि हीरो कोण?

जोसलिन : ...तो शेजारी राहायला येतो.

मोक : गोरा.

जोसलिन : हो. पण नात महत्त्वाची आहे. तिचं दुकान बंद पडत असतं आणि—

मोक : आणि तो येऊन वाचवतो. फोटोसमोर वाकतो कोण? नात?

जोसलिन : तो वाकतो. नात मागे ताट घेऊन उभी असते.

मोक : झालं! आजोबा तिचे आणि नमस्कार याचा. ती काय हॉटेलात कामाला आहे?

पुई-यी : मला दाखव गं, कसं केलंय ते. फोनवर असेलच तुझ्या.

जोसलिन : हे बघ. काल मांडून पाहिलं त्यांनी. मला विचारलं, मी म्हटलं छान दिसतंय.

पुई-यी : चष्मा दे माझा. हं, संत्री आहेत, कप आहेत. दोन्ही बाजूंना लाल कागद कशाला? थांब. जोसलिन, हे काय लिहिलंय, वाचलंस तू?

जोसलिन : शुभ काहीतरी असेल. सोनेरी अक्षरं आहेत.

पुई-यी : नऊ वर्षं! नऊ वर्षं दर शनिवारी तुला चिनी शाळेत सोडत होते मी. बाहेर गाडीत बसून राहायचे दोन-दोन तास. अगं, ‘शंभर वर्षं गोडीने नांदा’ असं लिहिलंय इथे! लग्नघरात लावतात हे. मेलेल्या माणसाला नांदायला सांगतेस?

मोक : कोणाबरोबर नांदू म्हणतात? विचारून ठेव.

जोसलिन : अरे देवा. आत्ता सांगते त्यांना, आजच काढतील.

पुई-यी : आणि हा चेहरा? हा तर आपल्या बाल्कनीतला फोटो. हा माझा नवरा आहे! तू विचारायला आज आलीस आणि त्यांनी काल उदबत्त्यासुद्धा लावल्या?

जोसलिन : स्टुडिओच्या फाइलमधला बाबांचा फोटो होता. नुसतं बघायला लावला होता, आई. आज दुपारी तीनपर्यंत फोटो वापरायला बाबांची सही मिळाली की मग रीतसर—

पुई-यी : जिवंत माणसाच्या फोटोपुढे उदबत्ती! तुमच्यात कोणाला काही वाटतं की नाही? मी बारा वर्षं हाँगकाँगला स्टुडिओत रंगभूषा केली. तिकडे कुणी नुसता मेल्याचा अभिनय केला ना, तरी दिग्दर्शक स्वतः येऊन त्याच्या हातात लाल पाकीट ठेवायचा. अपशकुन उतरावा म्हणून. मारामारीतला शेवटच्या रांगेतला पोरगा असला तरी. आत डॉलर असो नाहीतर नाणं. पण द्यायचा म्हणजे द्यायचा.

जोसलिन : मला माहीत नव्हतं हे.

पुई-यी : तुला कसं असणार! इथे त्यांना मी काय सांगणार? म्हणून हा मरून घरी आला की मीच दारात पाकीट द्यायचे त्याला. तू झोपलेली असायचीस.

जोसलिन : पाकीट मी देईन. दिग्दर्शकाला द्यायला लावेन, वाटेल ते करेन. बाबा, सही करा ना. सात वर्षं मी तिथे दुसऱ्यांच्या कथा टाइप केल्या. आता कुठे पडद्यावर लेखिका म्हणून माझं नाव येणार आहे. आणि मीच माझ्या बापाची सही आणू शकले नाही, तर ते काय म्हणतील?

मोक : नाव तुझं येणार. बरं. मग मला सांग, म्हाताऱ्याला मारायची अक्कल कोणाची?

जोसलिन : असं एकाचं नसतं ते. दहा जण बसतात, चर्चा होते.

मोक : दहा जण बसतात, पण तोंड एकच उघडतं. कोणाचं?

(आत सूप उतू जातं, पण कोणी उठत नाही.)

जोसलिन : माझं.

पुई-यी : काय?

जोसलिन : मीच म्हटलं, आजोबा आधीच वारलेले दाखवू या. टाळ्या वाजवल्या त्यांनी. आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. त्या खोलीत पहिल्यांदाच कोणीतरी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या.

मोक : शाबास.

जोसलिन : पुढचं ऐका तरी! तुम्ही ज्या ओळी पाठ करताय ना, त्या कधीच गेल्या. नवीन ओळी आल्या होत्या. आजोबा डोळे मिटून काहीतरी ‘नदी वाहते, बांबू वाकतो’ असलं बोलणार, आणि मागे घंटा वाजणार. दर वेळी घंटा! आणि मग कुंफू शिकवायला जातात आणि तळ्यात पडतात. माशांच्या तळ्यात. वर येतात तेव्हा डोक्यावर मासा. दहाच्या दहा जण पोट धरून हसत होते. बाबा, मला तुम्ही दिसलात. तसे ओले. मला नाही सहन झालं. म्हटलं, त्यापेक्षा मेलेले बरे. भिंतीवर कोणी हसणार तरी नाही.

पुई-यी : अगं पोरी...

मोक : मला वाचवायला मारलंस तू.

जोसलिन : हो.

मोक : आणि मला एकदा विचारावंसं नाही वाटलं?

जोसलिन : तुम्ही नाही म्हणाला असतात.

मोक : कशाला नाही म्हणालो असतो? मी पडलो असतो.

जोसलिन : बाबा!

मोक : तळ्यात पडलो असतो. मासा डोक्यावर ठेवून तीन वेळा वर आलो असतो, प्रत्येक वेळी वेगळा. तू काय समजलीस, इतकी वर्षं मी मान सांभाळून होतो? लाज वाटते मला, वाटत नाही असं नाही. त्यांची वाटते आणि माझीही वाटते. पण पडणं मला येतं, जोसलिन. या शहरात सत्तरीतला माणूस मोडलेल्या गुडघ्याने असा पडून दाखवेल, तर तो मी. ते माझं काम आहे. फोटोत मी काय करायचं? तिथे मी लागतच नाही.

जोसलिन : मग सही...

मोक : नाही करणार.

पुई-यी : अरे, पोरीचं पहिलं काम आहे. मी देते पाकीट. दहा देते.

मोक : पाकिटाचा प्रश्न नाहीये, पुई-यी. त्यांनी सांगितलं असतं, या आणि पडा, तर गेलो असतो, शिव्या देत का होईना. ते मला येऊच नका म्हणतायत. आणि हे तिने सुचवलंय.

जोसलिन : ठीक आहे. कळवते त्यांना.

पुई-यी : रडू नकोस. काय लिहितेस?

जोसलिन : ‘माझे वडील फोटो द्यायला तयार नाहीत. मी त्यांच्या बाजूने आहे.’ पाठवलं.

मोक : दुसरं वाक्य कशाला लिहिलंस? नोकरी जायची.

जोसलिन : जाऊ दे. ...आलं उत्तर.

पुई-यी : इतक्या लवकर? चिडले का?

जोसलिन : नाही. ‘काही हरकत नाही, दुसरा म्हातारा मिळाला, जवळजवळ तसाच दिसतो.’ फोटोही आलाय.

मोक : बघू. हा? हा कुठे माझ्यासारखा दिसतो! याचे कान बघ. कोरियन असेल.

पुई-यी : मला तर फिलिपिनो वाटतोय. चेहरा चांगला आहे. कोण आहे गं?

जोसलिन : कोणी नाही. असे तयार फोटो मिळतात विकत.

मोक : कोणी नाही कसा? तुझ्या सिनेमात तुझा आजोबा आहे तो. नाव काय त्याचं, विचार त्यांना.

जोसलिन : आत्ता?

मोक : आत्ता.

जोसलिन : विचारलं.

पुई-यी : काय म्हणतात?

जोसलिन : ‘कशाला?’ म्हणून विचारतायत.