टेंभीच्या ओढ्यावरची पाचवी कोंबडी

आलात का? या, बसा. काल कुनी फिरकलं न्हाई हिकडं. सगळी त्या वच्छीच्या वसरीवर! वच्छी चा देती म्हनं, वर बिस्कुट देती. द्यावं की. माझ्याकडं शेंगा हायत्या. फोडा, खावा, टरफलं तेवढी सुपात टाका. पन गोष्ट माझीच खरी, एवढं ध्येनात ठेवा. वच्छीची भुतं नुस्ती झाडावर पाय सोडून बसत्यात. माझं भूत बोलतंय.

ऐका तर.

लई वरसं झाली. आपल्या गावात बायडा आन् हौसा म्हनून दोन जावा व्हत्या. बायडा थोरली, हौसा धाकटी. घर एक, उंबरा एक, चुली तेवढ्या येगळ्या झालेल्या. हौसानं कोंबड्या पाळलेल्या. आन् काय कोंबड्या त्या! तुकतुकीत पिसं, लालभडक तुरं, खुराड्यात हात घातला की गरम अंडं. आन् बायडाची एक कोंबडी जगंल तर शपथ! एक मुंगसानं न्हेली, एक हिरीत पडली, एक जगली तर ती अंडंच देईना.

बायडाचं काळीज जळायचं बघा. त्यात तिचा एकुलता एक पोरगा, नामा. त्यो बी काकीच्याच मागं! काकीच्या हातचं अंडं खायचा, काकीच्याच कुशीत निजायचा. आईनं हाक मारली तर म्हनायचा, "थांब की, काकी गोष्ट सांगतीया." सांगा मला, कुनाला सोसंल हे? मला न्हाई सोसायचं. आपलं मानूस उठून दुसरीच्या वसरीवर जाऊन बसलं तर... हसू नगंस रं रंग्या, तुलाच म्हनतीया.

तर बायडानं मनात धरलं. हिच्यापरीस चांगल्या कोंबड्या आनायच्या. बाजारच्या दिवशी पाटी घेऊन निघाली. हौसा म्हनली, "आक्का, मी येऊ का संगट? मला कोंबडी पारखता येती." झालं! तिथंच मिरची झोंबली. "मला बी डोळं हायत," म्हनली आन् तरातरा एकटीच गेली.

सारा बाजार हिंडली. मनासारखं मिळंना. बाजार मोडाय लागला तवा कडंला एक परका मानूस चार कोंबड्या घेऊन बसलेला दिसला. रंग अगदी हौसाच्या कोंबड्यांचा! बायडानं तेवढा रंगच बघितला. अगं शेवंते, कोंबडी घेताना आदी काय बघत्यात? डोळा बघत्यात! फेस हाय का, पापनी सुजलीया का. नाकातनं पानी गळतंय का, नरड्यात घुरघुर हाय का. हिनं काय बी बघितलं न्हाई. पाय बांधून पाटीत घातल्या, वर फडकं टाकलं, आन् दिस बुडताना घराकडं निघाली.

सडकेनं यावं का न्हाई? न्हाई! कवा एकदा हौसाला दावीन असं झालेलं. म्हनून जवळची वाट धरली, टेंभीच्या ओढ्याची.

ओढ्यापाशी आली आन् फडक्याखाली शिंक आली. कोंबडीची शिंक! बारीक, फिस्सकन. बायडानं पाटी टेकवली, फडकं सारलं. चांदनं पडलेलं. बघती तर एक कोंबडी पिसं फुगवून पेंगतीया. डावा डोळा सुजून बंद, पापनीला पू चिकटल्याला. बाकीच्यांचं बी डोळं पानावल्यालं.

बायडाला घोर पडला. कोंबड्यांचा न्हवं हो! हौसा बघंल आन् मनात हसंल, त्याचा घोर.

आता बघा, आपल्यात रीत हाय. नवं जित्राब गावात आनायचं म्हंजी शिवंवर भाकरतुकडा ओवाळून टाकायचा. भाईरची पिडा भाईरच ऱ्हाऊ दे म्हनायचं आन् मागं न बघता निघायचं. दुसऱ्याचं वाईट त्यात आनायचं न्हाई. आपली शीव म्हंजी त्यो ओढाच. बायडानं गाठोड्यातली उरल्याली भाकरी काढली, पाटीवरनं ओवाळली, आन् म्हनली काय? म्हनली, "काय असंल ती पिडा तिच्या खुराड्यात जाऊ दे!"

शिव शिव शिव! असं म्हनत्यात व्हय?

तुकडा पडला. आन् ओढ्याच्या वरल्या अंगानं आवाज आला, "तीऽ ती ती ती..." कुनीतरी कोंबड्यास्नी बोलावतंय. एवढ्या राती! कोंबड्या तर तिन्हीसांजंलाच खुराड्यात जात्यात, मग बोलावतंय कुनाला? बायडानं पाटी डोक्यावर घेतली आन् सुटली.

थोडी चालली, पाटी जड झाली. आनखी चालली, लई जड! मान मोडाया आली. परत टेकवली, फडकं उचललं. एक, दोन, तीन, चार... पाच.

घेतल्या चार आन् झाल्या पाच! पाचवी काळी कुळकुळीत. डोळं टकटकीत, सूज न्हाई, पानी न्हाई. बायडाला वाटलं, त्या मानसाची एखादी चुकून आली असंल. तेवढ्यात त्या कोंबडीनं डोळा मिटला.

अरं, कोंबडीची पापनी कशी मिटती? खालनं वर. खोटं वाटत असंल तर उद्या खुराड्यापाशी बसून बघा. हिची मिटली वरनं खाली. मानसागत!

"बायडे," कोंबडी म्हनली, "ती म्हंजी कोन?"

बायडा मागं सरली.

"तिच्या खुराड्यात म्हनलीस. नाव न्हाई सांगितलंस. तुझ्यापरीस कुनाचं बरं चाललंय? नाव सांग, मी जाती. सकाळपतूर तिथं एक बी कोंबडी उभी ऱ्हानार न्हाई."

हडळ व्हती ती! जिती असताना म्हनं तिच्या सगळ्या कोंबड्या अशाच डोळं सुजून मेल्या, आन् शेजारनीची एक बी मेली न्हाई. ती शेजारनीच्या खुराड्याकडं बघत बघत झुरून मेली. तवापासनं ओढ्यात.

बायडाच्या व्हटावर नाव आलं बघा. "हौ..." एवढं आलंच. खरं सांगती, तिला सांगायचंच व्हतं! तशी पाटीतली कोंबडी वाढाया लागली. मान लांब झाली, पखाचं हात झालं. "हौ... म्होरं? म्होरं सांग की! घर कुठलं? आत कोन कोन निजतंय? मी उंबऱ्याच्या आत गेली की समद्यांचं डोळं मिटत्यात. कोंबड्यांचं बी आन् मानसांचं बी."

निजतंय म्हनल्याबरुबर बायडाचं ध्यान घराकडं गेलं. हौसाच्या कुशीत कोन निजतंय? नामा! आन् उंबरा तर एकच!

तिनं दोनी हातांनी सोताचं तोंड दाबून धरलं. हडळ एकेक बोट सोडवाया लागली. गार, खरखरीत नखं. नाव सांगावं तर पोरगं जातंय. न सांगावं तर ही सोडत न्हाई. काय करावं बाईनं?

पन चोराच्या वाटा चोराला ठावं म्हनत्यात, तसं जळक्याचं बी हाय. बायडा म्हनली, "सांगती, पन तुझी दया येती बाई. त्या खालच्या पांदीच्या वाटंवरल्या हडळीचं तुझ्यापरीस लई बरं हाय."

हडळ थबकली. "कोनची हडळ?"

"ठावं न्हाई तुला? तिला दर अवसेला गाव जिती कोंबडी देतंय. डोळं बघून निवडल्याली! वर हिरवा चुडा आन् खनाची चोळी."

"खनाची?"

"मग! आन् तुला काय, तर माझा शिळा भाकरतुकडा."

"मला कुनी कवा चिंधी दिली न्हाई," हडळ म्हनली. रडकुंडीलाच आली बघा! मग डोळं पेटलं. "कुठं हाय ती? बघतीच तिच्याकडं!" आन् हाताचं परत पख झालं, फाडदिशी उडून खालच्या अंगाला गेली.

बायडा पाटी घेऊन जी पळाली! पाय ठेचाळलं, चुडा फुटला, थांबली न्हाई. मारुतीच्या देवळातला दिवा दिसला, आन् मागनं किंचाळी आली, "खोटं! पांद मोकळी हाय गं!" वारं सुटल्यागत आली. मागनं पदर धरला. बायडानं हिसडा मारला, टर्रकन पदर फाटला, आन् ती पाटीसकट देवळाच्या पायरीवर पडली. मारुतीच्या म्होरं हडळीचं काय चालतंय? अर्धा पदर घेऊन गेली माघारी.

तवर हौसा कंदील घेऊन हुडकत आलेली. "आक्का, कवाधरनं वाट बघतीया!" फडकं सारून तिनं कोंबड्या बघितल्या. टाकून एक शबूद बोलली न्हाई. "जुन्यांत नगं सोडाया. गोठ्याच्या पल्याड डालग्याखाली ठिवू. दाना-पानी येगळं. आन् ह्यास्नी शिवलेलं हात धुतल्याबिगर दुसरीला शिवायचं न्हाई." कोमट पान्यात फडकं बुडवून तिनं एकेकीचा डोळा पुसला. सकाळी जनावराचा डाक्तर आनला. दोन मेल्या, त्या लांब खड्ड्यात चुना टाकून पुरल्या. दोन जगल्या. हौसाच्या खुराड्यात एकीला शिंक बी आली न्हाई.

मग बायडा निवळली म्हनता? कशाची निवळती! "माझ्या कोंबड्या बी हिच्याच हातानं बऱ्या व्हायच्या व्हय," म्हनून ज्यास्तच जळाय लागली. पन अर्धं नाव हडळीनं ऐकल्यालं, म्हनून मरस्तवर तिनं हौसाचं नाव तोंडातनं काढलं न्हाई. हाक मारायची तर "अगं ए" म्हनायची. लोक म्हनायची, काय तुसडी बाई हाय. हौसाला बी तसंच वाटायचं. रडायची बिचारी. पन बायडानं नाव घेतलं न्हाई ते न्हाईच.

हडळ अजून तिथंच हाय. म्हनून सांगती, दिस बुडल्यावर टेंभीच्या ओढ्याची वाट धरू नका. लांब पडली तरी सडकेनं या. ती दुसरं काय इचारत न्हाई. तुझ्यापरीस कुनाचं बरं चाललंय, एवढंच इचारती.

तुम्ही म्हनाल, इचारू दे की, आमी न्हाई सांगायचो. व्हय? मग आता मी इचारल्याबरुबर तुमच्या मनात कुनाचं नाव आलं?

आलं ना?

मग त्या वाटंनं जाऊ नका.