डाव्या सीटवरचा चाचा

आमी उरनकडचे, आगरी. बाप मिठागरात राबला, लहानपनी मी पन मीठ ओढलं. मग बंदर आलं, गोदामं आली, मिठागरं बुजली आनि गावातली निम्मी पोरं ट्रेलरवर चढली, तसा मी पन चढलो. गाडी मला हसनचाचानं शिकवली. चाचा शेजारच्या गावचा, कोकनी मुसलमान, पन जेवन आमच्यासारखंच, सुकी मासळी आनि तांदळाची भाकरी. तेव्हाच्या गाड्या काय सांगू तुमाला, स्टेअरिंग वळवायला दोन्ही खांदे लागायचे, ब्रेक मारला तर गाडी तिच्या मर्जीनं थांबायची, पट्टा नाय, डाव्या बाजूला आरसा असला तर असला. आरसा म्हंजे क्लीनरच.

पुढं चाचाच्या एका डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं, डोळा गेला, गाडी चालवनं संपलं. आनि ज्यानं मला शिकवलं तोच माझ्या डाव्या सीटवर क्लीनर म्हनून येऊन बसला. लोकं बोलली, चाचा, लाज नाय वाटत? चाचा बोलला, लाज कसली, पोरगा मीच घडवलाय, आता जरा त्याच्यावर हुकूम चालवतो. आनि चालवायचा पन. डावीकडं सायकल हाय, बाई हाय, म्हैस हाय, सगळं त्या एका डोळ्यानं बघून सांगायचा. जाऊ दे, जाऊ दे, हरी, थांब रे. मला डुलकी यायला लागली की माझ्या सासऱ्याची नक्कल करायचा, ती ऐकून झोप काय, भूक पन पळायची.

मग नव्या गाड्या आल्या. मागं कॅमेरा, डावीकडं कॅमेरा, जोरात ब्रेक दाबला तरी गाडी घसरत नाय, पट्टा लावला नाय तर गाडी ओरडते, आनि समोर काचेला एक कॅमेरा, तो रस्ता नाय बघत, माझं तोंड बघतो. जांभई दिली की बोंबलतो. मालक बोलला, हरी, आता क्लीनर कशाला? चाचाला दारातच सांगितलं, आत ये, बस, एवढं पन बोलला नाय. चाचानं सीटखालनं डबा काढला, चप्पल घातली आनि गेला. मी यंत्राला शिव्या देनार नाय हां. आमच्या वेळची किती मानसं त्या जुन्या ब्रेकांनी खाल्ली, मी बघितलीत. गाड्या चांगल्याच हायेत. पन यंत्राबरोबर बोलायचं काय?

वरसाच्या आत चाचा गेला. ॲक्सिडेंटमधी नाय, घरी, खाटेवर, तापानं. मी माती द्यायला गेलो. आनि नंतर कामावर गेलो त्याच दिवशी, भर दुपारी, बंदराच्या रस्त्याला वळनावर डाव्या कानाशी आवाज आला, हरी, थांब रे. मी ब्रेक दाबला. डावीकडं मानूस नाय, कुत्रा नाय, नुसतं ऊन. मग ते सुरूच झालं. आज आला, उद्या नाय, परवा परत. बायकोला सांगितलं नाय, ती मला भगताकडं घेऊन गेली असती. आनि खरं सांगू, मला भीती वाटली नाय. मला बरं वाटायचं. तेच वाईट झालं.

एकदा सकाळी आवाज आला, थांब रे, मी थांबलो, आनि मागून धाडकन झालं. स्कूटीवर एक पोरगी. मागचा लोखंडी बार व्हता म्हनून ती चाकाखाली गेली नाय, डोक्यावर हेल्मेट व्हतं म्हनून डोकं वाचलं, हात मोडला. मीच उचलली तिला. रडत व्हती, काका, पुढं कोन व्हतं, का थांबलात?

ऑफिसात बोलावलं. तिथं सेफ्टीच्या मॅडम हायेत, करंजाड्याला राहतात, माझ्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं. त्याच्यात मी. सारखा डाव्या सीटकडं बघतोय आनि ओठ हलतायत. देवाशपथ, मी बोलतो हे मला ठाऊकच नव्हतं. मॅडम बोलल्या, काका, कोणाशी बोलताय? मी बोललो, आवाज हाय काय याच्यात? त्यांनी आवाज वाढवला. इंजिन, हॉर्न, मग मी विचारतोय, चाचा, मोकळं हाय? मग गप्प. दुसऱ्यानं उत्तर द्यायला जेवढा वेळ लागतो ना, तेवढाच गप्प. आनि मग मी हसतो. बोलतो, बरं बाबा, थांबतो.

मॅडमनी रेकॉर्डिंग बंद केलं. मग हळूच बोलल्या, काका, मी हे टेन्शनमुळं झालं असं लिहू शकते, महिनाभर सुट्टी घ्या, नोकरी राहील. चांगली मुलगी. पन माझ्या डोळ्यांपुढं ती स्कूटीवाली. चाचानं आयुष्यभर डावीकडचा एक जीव जाऊ दिला नाय, आनि आता त्याच्याच आवाजानं मागचा जीव जाईल. हे त्याला कोन सांगनार? मी चावी टेबलावर ठेवली.

मग गाडीकडं गेलो. यार्डात सगळी बघत व्हती, बघू दे. वळसा घालून डाव्या बाजूला गेलो, दार उघडलं, बोललो, चाचा, उतर. आता आपलं काम झालं. गुडघे दुखायचे त्याचे, पायरी उंच, त्याला वेळ लागायचा. तेवढा वेळ दार धरून उभा राहिलो. मग लावलं.

आता घरीच असतो. आवाज येत नाय. कधी कधी आवाज यावा असं वाटतं, खोटं कशाला बोलू. माझी गाडी आता परभनीकडचा एक पोरगा चालवतो, एकटाच. सुखानं जाऊ दे, सुखानं घरी येऊ दे. त्याच्या बाजूची सीट मी रिकामी करून दिलीय.