न मेलेला राघू नाईक

पनवेलच्या एस.टी. स्टँडसमोरच्या दवाखान्यात भाविका नंबर पुकारायला बसली होती, पण तिचे कान समोरच्या बाकड्यावर होते. तिथे एकाच गावच्या दोघांची जुंपली होती: म्हातारे काशिराम आणि जत्रेच्या नाटकातला पन्नाशीचा नायक, भगवान.

“मी लेकीकडं उरणला काय गेलो, तुमी नाटकात राघू नाईकाला जित्ता ठेवला? कर्नाळ्याच्या लढाईत मेला ना तो!”

“मेला असंल, दादा. पन राघू मी झालतो. मी मेलो का माजी आय रडत स्टेजवर चढते. म्हनून यंदा नाय मेलो.”

“आनि लोकं?”

“शिट्ट्या! सरपंच बोलला, हाच खरा इतिहास. राघूची पुन्यतिथी बंद, आता वाढदिवसाला केक कापायचा.”

“आरं, राघू मेला म्हनून त्याच्या बायकोनं दुसरं लगीन केलं, आमच्या पोशाआज्याशी! त्यांचाच वंश आमी.”

“घरी नवरा जित्ता हाय, ती दुसरं लगीन कशाला करंल?”

“मंग आमी कुटून आलो?”

“तो लगनाचा प्रवेश कमिटीनं काढला, दादा. नाटक लांबत होतं.”

“पुढल्या साली तरी मर ना, बाबा!”

“आयला इचारतो.”

भाविकाने नंबर पुकारला.

“काशिराम काका, तुमचा नंबर आला. आत जा.”

“पुढच्याला घे, पोरी. मी अजून जल्मलो नाय.”