टेंपो कोन चालवत होता

माजं माहेर चिंचणी आनि सासर पन चिंचणीच, एका आळीतून दुसऱ्या आळीत गेले एवढाच माजा प्रवास. बाप बोटीवर, नवरा बोटीवर, आनि आमी बायका मासळी विकनाऱ्या. आई पाटी डोक्यावर घेऊन चालत जायची तवा रस्त्याला गाडी म्हंजे नवलच. आता काय सांगू तुमाला, बोईसरला पोचेपर्यंत नुसते टँकर आनि कंटेनर, कंपन्यांचा सगळा माल याच रस्त्यानी जातो. रस्ता ओलांडायचा तर आमी म्हाताऱ्या बायका शाळेतल्या पोरींसारख्या एकमेकींचे हात धरतो, लोकं हसतात, हसू देत.

बोईसरच्या बाजाराच्या तोंडाशी, वळनावर माजी जागा. सगळ्या मला जनीमावशी बोलतात. आमाला बर्फ एकाच शेठचा यायचा, टेंपोनी, रोज सकाळी. पुढे जाऊन दुभाजक संपतो तिथून वळायचं सोडून तो टेंपो उलट्या बाजूनीच आत शिरायचा, तेवढाच फेरा वाचतो ना. त्या दिवशी पन तसाच शिरला आनि समोरून एक मोटारसायकल आली. मी पापलेट निवडत होते, आवाज झाला म्हनून वर बगितलं तर मानूस रस्त्यात, गाडी कुठच्या कुठे. टेंपो थांबला. शेठचा पुतन्या ड्रायव्हरच्या बाजूनी खाली उतरला, बगितलं, परत चढला आनि गेला. तो पोरगा आमचा ओळखीचा, मिशी फुटली तवापासून बर्फाच्या लाद्या उतरवायला यायचा, त्याला ओळखायला मी कशी चुकेन?

मी पाटी तशीच टाकली नि धावले. डोक्यावर हेल्मेट होतं म्हनून डोकं वाचलं, पाय मात्र बगवत नव्हता. रिक्षावाला बोलला मावशी, पोलिसांचं लफडं नको. मी बोलले लफडं माजं, रिक्षा तुजी, चल. दवाखान्यात एक हवालदार आला, चांगला मानूस, तो बोलला मावशी, मदत करनाऱ्याला आता कोनी अडकवत नाय, नाव सांगायची पन सक्ती नाय. मी बोलले लिहा माजं नाव, मी बगितलंय.

जखमी झालेला तो सुनील, मासवनचा, कंपनीत कामाला. त्याची बायको सुगंधा, कडेवर पोर घेऊन आली, रडली नाय, नुसती माज्या लुगड्यावरचं रक्त बगत राहिली. मंग आमची ओळख झाली ती अशी.

आठवड्याभरानी शेठ माज्या घरी आला. ओरडला नाय, धमकी नाय, ओट्यावर बसून चहा प्याला. बोलला मावशी, टेंपो माजा होता हे मी नाकारतच नाय, फक्त चालवत होता आमचा जुना ड्रायव्हर एवढंच बोल, त्याच्याकडे लायसन हाय, पुतन्याकडे नाय, लायसन नाय बोललं तर विमा कंपनी हात वर करेल, मंग त्या बिचाऱ्या सुनीलला काय मिळेल? आता तुमीच बगा. खोटं बोलायला सांगतोय, पन बोलला तेच खरं असेल तर माज्या खऱ्यानी सुनीलचंच वाटोळं.

मंग मी सुगंधाला बोलले, चल, विचारूया. पालघरच्या कोर्टात गरिबाला फुकट वकील देतात, तिथे एक बाई भेटली, सुगंधाच्याच वयाची. तिनी सगळं ऐकून घेतलं. बोलली, फौजदारीची केस वेगळी नि भरपाईचा दावा वेगळा, दावा मालकावर आनि विमा कंपनीवर दोघांवर टाकायचा. लायसन नसलं तरी अशा केसमधे बऱ्याच वेळा कोर्ट कंपनीला सांगतं, आधी जखमीला द्या, मंग मालकाकडून वसूल करा. तसंच होईल हे लिहून देता येनार नाय, पन मावशी, जे बगितलं तेच सांगा. तवा मला उमगलं, शेठला सुनीलची काळजी नव्हती, वसुली स्वतःच्या मानेवर येईल ही काळजी होती.

आनि तो जुना ड्रायव्हर, भैय्या, तो पन एकदा आला. खाली मान घालून बोलला, अम्मा, मालिक बोलता है मान ले, नौकरी का सवाल है. माज्याकडे काय मागितलं नाय त्यानी. म्हंजे पुतन्याचा गुन्हा या गरिबाच्या डोक्यावर. मी बोलले, बाबा, तू तुजं बग, मी माजं बगितलेलं सांगनार.

दुसऱ्या दिवसापासून माजा बर्फ बंद. सगळ्या बायकांना मिळतो, मला नाय. त्या उघड काय बोलल्या नाय, त्यांना पन पोटं हायेत, पन शेठचा मानूस गेला की एकेक जनी मूठमूठ बर्फ माज्या पाटीत टाकायची. कधी पुरायचा, कधी नाय. तवा मी सुके बोंबील, जवळा ठेवायला लागले.

भरपाईच्या दाव्यात मी कोर्टात उभी राहिले. समोरचा वकील बोलला, बर्फ बंद केला म्हनून तुमचा राग हाय ना? मी बोलले, हाय, राग हाय, पन दवाखान्यात नाव दिलं तवा बर्फ चालू होता. टेंपो किती वेगात होता? बोलले, ते मला सांगता येत नाय. मोटारसायकल वेगात होती का? ते पन नाय बगितलं. मंग काय बगितलं? बोलले, टेंपो उलट्या बाजूनी आला नि ड्रायव्हरच्या बाजूनी शेठचा पुतन्या खाली उतरला, एवढंच.

निकालाला लय दिवस लागले, पन वकीलबाई बोलली तसंच झालं, विमा कंपनीनी आधी सुनीलला दिलं आनि मंग शेठच्या मागे लागली. पुतन्याची केस वेगळी, ती अजून चालू हाय. भैय्याच्या डोक्यावर काय आलं नाय, आता दुसऱ्याची गाडी चालवतो. त्या वळनावर सुगंधानी अर्ज करून करून लोखंडी खांब लावून घेतले, उलटं शिरताच येत नाय. निकालानंतर बर्फ पन परत चालू झाला, शेठ माज्याकडे बगत नाय, चालतं मला.

सुनीलनी मासवनला पिठाची गिरनी टाकलीय. लंगडतो, पन उभा राहतो. त्याला त्या दिवसातलं काय पन आठवत नाय. मागच्या खेपेला गेले तवा त्यानी विचारलं, मावशी, मी पडलो तवा काय बोललो गं? सुगंधा तिथेच तांदूळ पाखडत होती, हात थांबला तिचा. खरं सांगायचं तर तो काय बोलला नाय, नुसता कन्हत होता. मी बोलले, सुगंधाचं नाव घेत होतास बाबा, सारखं. कोर्टात मी खोटं बोलले नाय. हे एवढं बोलले. सुखी राहोत दोघं.