नको तिथे दुरुस्ती

...अहो, रफूगाराशी लग्न केलं म्हणून काय घरात औषधालासुद्धा एक भोक ठेवायचं नाही? माझा हिरवा स्वेटर, गळ्याशी इवलासा विरला होता, तर आमच्या ह्यांनी तो असा दाट भरला, असा दाट, की डोकंच आत जाईना! म्हटलं, अहो, हा गळा की बटव्याचं तोंड? तर हे चष्म्यावरून बघत, "पण भोक दिसतंय का कुठे?" शेवटी माझ्या कटकटीला कंटाळून उसवून दिला. नको तिथे दुरुस्ती!

आणि सांगते तुम्हाला, ह्यांचं आतडंही तेच शिकलंय! जुनंच दुखणं, आतून सुजायचं, जखमा व्हायच्या... पण हल्ली चार घास खाल्ले की पोट धरून बसतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "वाट अरुंद झालीय. जखम झाली की 'भरा, भरा' असा निरोप देणारे पदार्थ शरीरात असतात, ग्रोथ फॅक्टर म्हणतात त्यांना. ते निरोप देतच राहिले की व्रण जाड होतो, वाट आवळते." मी ओरडलेच, "म्हणजे स्वेटरचा गळा!" बाई हसल्या. हे आपले जमिनीकडे बघतायत.

"नुसती सूज असेल तर औषधानं उतरेल, व्रण असेल तर कापावं लागेल. रक्तात ते फॅक्टर वाढलेत का बघू, पण तो अंदाजच हं, स्कॅनही लागेल." कापावं लागेल? जन्मभर लोकांचं फाटलेलं सांधणाऱ्या माणसाला कापणार?

रिपोर्टच्या दिवशी बाहेर बाकावर बसलो, तर हेच मला धीर देतायत! "अगं, कापलं तरी परत शिवतातच की..." आणि मी बसलेय अंगातल्या स्वेटरच्या त्याच भोकात बोट घालून, फिरवतेय, फिरवतेय... बाई बाहेर आल्या, "सूजच जास्त दिसतेय, व्रण थोडा. तूर्त सुरी नको." मी तिथेच हमसून हमसून रडले. आणि हे? हे माझ्या गळ्याकडे बघतायत! "केवढं मोठं केलंस गं ते भोक..."

"हात लावाल तर बघा!" म्हटलं. बिचारे हात काखेत दाबून घरी आले.

सकाळी उशाशी स्वेटर, नीट घडी घातलेला. भोक गायब! आणि डोकं? ...जातंय कसलं!

नको तिथे दुरुस्ती, दुसरं काय! घेतलाय तसाच खांद्यावर. करणारा घरात आहे ना... मग गळा जाऊ दे खड्ड्यात.