दोरीवर राहिलेला इहराम

अब्बा-अम्मी मक्केला उमऱ्याच्या यात्रेला निघाले, गाडी कराडबाहेर पडली, आणि मी मागच्या दारी येऊन बघते तर दोरीवर अब्बांचा इहराम तसाच वाळत होता! यात्रेत पुरुषांनी नेसायची ती दोन पांढरी, बिनशिलाईची वस्त्रं. नवी होती, खळ जावी म्हणून धुतलेली. ती दुपार आठवली की अजून हसू येतं, पण तेव्हा मी रडत रडतच फोन लावायला घेतला.

अब्बांचा फोन बंद. अम्मीचा नुसता वाजतोय. शेजारच्या काकू कुंपणावरून म्हणाल्या, "आगं पोरी, रडतीस कशाला? मुंबईत मिळंल की!"

"काकू, गाडी थेट विमानतळावर जाणार. नेसून मगच विमानात बसायचंय त्यांना!"

"मग आमच्या ह्यांचं धोतर धाडू का? त्येबी बिनशिलाईचंच हाय."

रडता रडता मी हसले. पुन्हा फोन लावला. या वेळी अब्बांनी उचलला. इहराम दोरीवरच राहिल्याचं मी एका दमात सांगितलं.

"आगं, त्यो ऱ्हाऊ दे घरातच. माझ्या बापानं सोतासाठी एक आणून ठेवला हुता, त्येचं जायचं ऱ्हाऊनच गेलं. त्योच घेतलाय म्या. डांबरगोळ्यांचा वास लय मारतोय, तुझी अम्मी पार मागच्या सीटवर जाऊन बसलीया."